खुली जवारी आणि छोटी फाईल

आमच्या घरात दोन पिढ्यांची भाकरी कानांवर चालली आहे. अब्बा मिरजेत तंबोरे करतात आणि मी त्याच मिरजेत एका दवाखान्यात लोकांचे कान तपासते. काचेच्या खिडकीची एक बंद खोली असते. आत पेशंट हेडफोन लावून बसतो, बाहेरून मी बारीक-मोठे सूर सोडते, आणि ऐकू आलं की त्याने बटण दाबायचं. तासगावकडचे द्राक्षबागायतदार येतात, वर्षानुवर्षं फवारणीच्या ब्लोअरपुढे ट्रॅक्टर चालवून कान बधिर झालेले. मी सूर सोडलेलाच नसताना बटण दाबतात आणि वर मलाच सांगतात, मॅडम, तुमचं मशीन बघा एकदा. मी हसत नाही. पण आलेख हातात देताना माझ्या आवाजात मास्तरीण येते, असं अम्मी म्हणते. खरं आहे तिचं. मला माझ्या कामाचा अभिमान आहे आणि तो लपवायची मला सवय नाही.

ही सवय मी अब्बांकडूनच घेतली. ते तंबोऱ्याची जवारी काढतात. भोपळ्याच्या पुढच्या फळीवर एक रुंद, चपटी घोडी बसवलेली असते, तिच्यावरून चार तारा जातात. त्या घोडीचा माथा कानशीने अगदी केसभर घासून त्याला असा उतार द्यायचा, की तार छेडली तर नुसती वाजून थांबत नाही, बराच वेळ गुंजत राहते. त्या गुंजण्याला जवारी म्हणतात. ती मोकळी, झळाळती असली तर खुली, आणि दबलेली, तोंड मिटून गुणगुणल्यासारखी असली तर बंद. घासताना हात जरा जास्त चालला की घोडी फेकून द्यायची. खुंट्या पिरगाळणारे गावात पुष्कळ आहेत, जवारी काढणारे बोटांवर मोजण्याएवढे, आणि त्या बोटांतलं पहिलं आपलं, असं अब्बा स्वतःच सांगतात. त्यांच्या तोंडावर आजवर कोणी नाही म्हटलेलं मी ऐकलं नाही.

आमच्या कारखान्याची एक रीत होती. कारखाना म्हणजे रस्त्याकडेची एक लांबट खोली, पण आम्ही तिला कारखानाच म्हणतो. तर रीत अशी, की ज्याने जवारी काढली त्याने ती स्वतः पास करायची नाही. दुसऱ्या कानाने ऐकायची आणि मग 'पास' म्हणायचं. तो दुसरा कान म्हणजे माझे चाचा, अब्बांचे धाकटे भाऊ. चाचांना यंत्रांचा भारी शौक. त्यांनी कॉम्प्युटर घेतला, माईक घेतला, आणि गिऱ्हाइकाकडे जाण्याआधी प्रत्येक तंबोऱ्याचा आवाज सीडीवर उतरवायला सुरुवात केली. सुरुवातीला अब्बांचा आवाज यायचा: "भोपळा मोठा. दांडी तुणाची. घोडी शिसवी. जवारी खुली. काढली मी." मग चाचांचा: "ऐकली मी. पास." आणि मग काही मिनिटं नुसता तंबोरा. अशा एकतीस सीड्या झाल्या. कुठल्या गिऱ्हाइकाने पुढे 'मला तसाच पाहिजे' म्हटलं, की अब्बा त्याची सीडी लावून ऐकायचे आणि मगच कानशीला हात घालायचे.

काही वर्षांपूर्वी चाचा गेले. त्यानंतर बत्तिसावी सीडी झालीच नाही. अब्बांनी तंबोरे केले, विकले, पण पास कोण म्हणणार? गिऱ्हाईक म्हणेल तेच पास, असं ते म्हणायचे आणि विषय बदलायचे. मी दुसरा कान व्हावं असं ना त्यांना सुचलं, ना मला. मुलींनी कारखान्यात बसू नये असं आमच्याकडे कोणी म्हटलं नव्हतं. बसावं, असंही कोणी म्हटलं नव्हतं.

गेल्या थंडीत साताऱ्याच्या एक गाणं शिकवणाऱ्या बाई आल्या. त्यांच्याकडे आमच्याच कारखान्यातली तंबोऱ्यांची जुनी जोडी होती, चाचा असताना केलेली. आता त्यांच्या हाताखालच्या दोन मुली मैफली करू लागल्या होत्या आणि बाईंना त्यांच्यासाठी नवी जोडी हवी होती. भोपळा कसा का असेना, दांडी कुठल्याही लाकडाची चालेल, पण जवारी मात्र डिट्टो तीच, अशी त्यांची अट होती. जमेल का, असं त्यांनी अगदी अदबीने विचारलं. अब्बा म्हणाले, "माझ्याच हातची हाय, मला न जमून कुणाला जमायची?"

दोन्ही तंबोरे उभे राहिले, तारा चढल्या, फक्त जवारी उरली. अब्बांनी बाईंच्या जुन्या जोडीची, म्हणजे सातवी सीडी काढली, पुसली, आणि सीडी वाजवणाऱ्या जुन्या टेपमध्ये घातली. टेपने ती दोनदा फिरवली आणि बंद पडली ती कायमची. दुरुस्तीवाल्याने सांगितलं, आता हिचे पार्ट मिळत नाहीत. तेव्हा मी पुढे झाले. खिशात मावेल असा एक छोटा प्लेअर माझ्याकडे पडून होता. सगळ्या सीड्या त्याच्यात भरून देते, म्हणजे काम करता करता कानाला लावून ऐकता येईल, असं मी जाहीर केलं. घरात यंत्रातलं कळणारी आता मी एकटीच, हे मी दोन-तीनदा बोलूनही दाखवलं.

लॅपटॉपला सीडीचा खण नसतोच आता, म्हणून दवाखान्यातल्या एका डॉक्टरांकडून बाहेरून जोडायचा ड्राइव्ह मागून आणला. रविवारी सकाळी स्वयंपाकघराच्या ओट्यावर पसारा मांडला. सीडी घातली की सॉफ्टवेअर विचारायचं, कुठल्या प्रकारात उतरवू? जसंच्या तसं ठेवणारे एक-दोन प्रकार होते, वेव्ह आणि फ्लॅक, पण त्यांच्या फाईली अगडबंब. माझ्या प्लेअरमध्ये जागा कमी, सीड्या एकतीस. मग एमपीथ्री. त्यातही आकड्यांची उतरंड होती, तीनशे वीसपासून खाली बत्तीसपर्यंत. बत्तीसच्या शेजारी लिहिलं होतं, बोलण्यासाठी.

माझा विचार अगदी सरळ होता. सुरुवातीला अब्बा आणि चाचा बोलतात, ते नीट ऐकू यायला हवं. पुढे काय, तेच तेच चार सूर, पुन्हा पुन्हा. गाणं नाही, ठेका नाही, त्याला कशाला हवी जागा? मी बत्तीस निवडलं. एकतीसच्या एकतीस सीड्या एका कोपऱ्यात मावल्या आणि वर भरपूर जागा उरली. मला इतका आनंद झाला की मी तो आकडा अम्मीला दाखवला. ती भाकरी भाजत होती. फोनच्या स्पीकरवर थोडं वाजवूनही पाहिलं. तव्याच्या आवाजात सगळं छान वाटलं.

तंबोरे करणाऱ्याच्या मुलीने तंबोऱ्याला 'तेच तेच चार सूर' म्हणावं, ही चूक दुसऱ्या कुठल्याही घरात लहान ठरली असती. आमच्या घरात ती किती मोठी होती ते मला पुढे कळलं.

अब्बांनी प्लेअर हातात घेतला, उलटासुलटा पाहिला, हेडफोन चढवला. मी सातवी सीडी लावून दिली. सुरुवातीला त्यांचा चेहरा उजळला. स्वतःचा तरणा आवाज ऐकून नव्हे, चाचांचा ऐकून. 'ऐकली मी. पास.' एवढे तीन शब्द त्यांनी तीनदा मागे नेऊन ऐकले. मग तंबोरा सुरू झाला आणि त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. त्यांनी आवाज वाढवला. डावा कान मोकळा केला, मग उजवा. शेवटी हेडफोन काढून घडी घातली, नव्या जोडीवर चादर टाकली आणि चहा मागितला. मी विचारलं तर एवढंच म्हणाले, की मशीन चांगलं आहे.

चार दिवस त्यांनी कानस हातात धरली नाही. कारखान्यात जायचे, जुनी हत्यारं पुसायचे, परत यायचे. पाचव्या दिवशी अम्मीने त्यांना बोलतं केलं. मी शेजारीच होते.

"कान गेलं माझं," अब्बा म्हणाले. "ती जोडी खुली हाय. मी काढल्या, भावानं ऐकल्या. आन् मला बंद ऐकू येतीया. भावाचं बोलणं सगळं कळतंय, तंबोरा न्हाई कळत." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तूच सांगतीस न्हवं, वय झालं की वरचं आदी जातं, बोलणं मागं ऱ्हातं?"

सांगते मी असं. रोज पाच-सहा जणांना सांगते. म्हातारपणात बारीक, उंच आवाज आधी जातात, बोलणं बराच काळ कळत राहतं. अब्बांनी माझंच ज्ञान माझ्यापुढे ठेवलं होतं आणि त्यात खोट काढायला जागा नव्हती. आणि मी काय केलं, तर त्यांना दवाखान्यात नेलं. माझ्या बंद खोलीत बसवलं, माझे सूर सोडले, त्यांनी मुकाट्याने बटण दाबलं. आलेख आला. खालचे सूर ठीक, वर जाता जाता रेषा उतरत गेलेली, त्यांच्या वयाच्या कुणाचीही उतरते तेवढीच. मी तो त्यांना मास्तरणीच्या आवाजात समजावून सांगितला. वयाच्या मानाने छान आहे म्हटलं. त्यांनी उतरलेल्या रेषेवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, म्हणजे गेलेच.

घरी येताना रिक्षात त्यांनी मला काम सांगितलं. साताऱ्याच्या बाईंना फोन कर आणि सांग, जोडी घेऊन जा आणि जवारी दुसऱ्याकडून काढून घ्या. चांगले दोघे-तिघे आहेत गावात, नावं मी देतो. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्याचं नाव घ्यायच्या आधी नाक मुरडलं, तो मला दोघा-तिघांची नावं देत होता. मला राग आला, कोणावर ते कळेना. म्हणून मी दोन दिवस फोन केलाच नाही. बाईंचा नंबर लागत नाही अशी थाप मारली.

त्या दोन दिवसांत मी अजून एक शहाणपणा केला. फाईल मोठी असली की आवाज चांगला, एवढं मी वाचलं होतं. म्हणून सांगलीला जाऊन प्लेअरसाठी मोठं कार्ड आणलं, त्या बत्तीसच्या फाईली फ्लॅकमध्ये बदलल्या आणि अब्बांना पुन्हा ऐकायला लावल्या. फाईली फुगल्या, आवाज जिथल्या तिथे. एकदा चाळून फेकलेला कोंडा मोठ्या पोत्यात पीठ ओतून परत येत नाही, एवढी साधी गोष्ट मला कळू नये. अब्बांनी ऐकलं, मान हलवली आणि अगदी शांतपणे म्हणाले, फोन कर.

फोन करायचा तो दिवस शुक्रवार होता. अब्बा नमाजाहून आले आणि मागच्या मोरीवर पाय धूत होते. मी डॉक्टरांचा ड्राइव्ह परत द्यायचा म्हणून आवराआवर करत होते. सातवी सीडी नीट उतरली होती की नाही, मधे कुठे ओरखडा होता की काय, एवढंच पाहायला मी ती ड्राइव्हमध्ये घातली आणि लॅपटॉपला आमच्या टीव्हीजवळचे दोन बरे स्पीकर जोडून सरळ सीडीच वाजवली. चाचा 'पास' म्हणाले. तंबोरा सुरू झाला.

मोरीतलं पाणी थांबलं. अब्बा ओल्या पायांनी दारात आले.

"ही कुठली लावलीस?"

मी म्हटलं, तीच की, सातवी.

"ही तर खुली हाय."

दोन खोल्या पलीकडून, नळ चालू असताना, त्यांना ती खुली ऐकू आली होती. मी लगेच प्लेअर स्पीकरला जोडला आणि तीच जोडी माझ्या फाईलीतून वाजवली. पुन्हा सीडी. पुन्हा फाईल. आणि मला, कान तपासून पोट भरणाऱ्या बाईला, तेव्हा पहिल्यांदा तो फरक ऐकू आला. सीडीवर तार छेडली की तिच्यातून एकावर एक आवाज उमलत वर जात होते आणि वर जाऊन बराच वेळ रेंगाळत होते. फाईलीत तार वाजत होती आणि तिच्यावर कोणीतरी चादर टाकली होती.

मी खाली बसले आणि रडले. अब्बांचे कान शाबूत म्हणून थोडी, आणि इतके दिवस त्यांना जे भोगावं लागलं ते माझ्यामुळे म्हणून बरीच. अम्मी मला उठवायला आली तर अब्बा म्हणाले, रडू दे तिला, तिची चूक मोठी आहे. त्यांच्या तोंडावर हसू होतं.

मग मी बसून वाचून काढलं, जे आधी वाचायला हवं होतं. एमपीथ्री करताना, माणसाच्या कानाला जे कळणार नाही असं त्या गणिताला वाटतं, ते ते टाकून दिलं जातं. आकडा जितका खाली, तितकं जास्त टाकायचं. बत्तीसला तर नुसतं बोलणं कळण्यापुरतं ठेवतात, वरचं सगळं कापतात. म्हणजे चाचांचं 'पास' राहिलं आणि ज्याला ते पास म्हणाले होते, तेच गेलं. मी अब्बांना हे समजावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कुणाच्या कानाला कळणार न्हाई?"

त्यांच्या मनात अजून किंतु होता, हे मला दिसत होतं. एकदा मनात घुसलेलं सहजी निघत नाही, आणि माझा तो आलेख तर त्यांनी खिशातच ठेवला होता. म्हणून मी त्यांना पुन्हा माझ्या खोलीत नेलं. या वेळी सूर सोडले नाहीत. सीडी आणि बत्तीसची फाईल, दोन्ही तयार ठेवल्या. काचेकडे पाठ करून बसा म्हटलं. मी कधी हे वाजवायचे, कधी ते, आणि वहीत लिहून ठेवायचे. त्यांनी फक्त सांगायचं, खुली की बंद.

खुली. बंद. बंद. खुली. ते सांगत गेले, मी वहीत खुणा करत गेले. दहाच्या दहा बरोबर. अकराव्या वेळी मी लबाडी केली आणि गुपचूप बाराव्या सीडीवरची जोडी लावली. ते चार तारांवर थांबले आणि म्हणाले, "ही ती जोडीच न्हवं. ही भोपळ्याला चीर पडलेली, सांधून दिलेली. उगं फसवू नगंस."

दवाखान्यातल्या डॉक्टरांना मी नंतर विचारलं, की रेषा उतरलेली असून हे कसं? त्यांचं म्हणणं असं, की मधल्या पट्टीत अजून पुष्कळ शिल्लक आहे, आणि बत्तीसने तिथलंही बरंच बिघडवलं असणार. असेल. पण मला त्यातून वेगळंच कळलं. किती आवाज आत पोचतो एवढंच माझा आलेख सांगतो. पोचलेल्या आवाजाचं माणूस पुढे काय करतो, त्याची रेषा काढायचं यंत्र माझ्याकडे नाही. इतकी वर्षं लोकांच्या हातात तो कागद मी फार तोऱ्यात देत आले. आता देते तेव्हा आधी विचारते, तुम्ही काय काम करता.

त्या संध्याकाळी अब्बांनी जोडीवरची चादर काढली. मी सगळ्या सीड्या पुन्हा उतरवल्या, या वेळी थेट सीडीवरून फ्लॅकमध्ये. मोठ्या कार्डात त्या मावल्या. अब्बा प्लेअर कमरेला खोचून सातवी ऐकायचे, हेडफोन काढायचे, घोडीवर कानस दोनदा फिरवायचे, तार चढवायचे, छेडायचे, गुंज सुटावी म्हणून घोडीवर तारेखाली घातलेला सुती दोरा जरा सरकवायचे, पुन्हा ऐकायचे. तीन दिवस हेच. चौथ्या दिवशी त्यांनी मला हाक मारली. मला वाटलं, प्लेअर चार्ज करायचा असेल.

त्यांनी चाचांच्या चटईकडे बोट दाखवलं. चाचा गेल्यापासून तिच्यावर कोणी बसलं नव्हतं.

"बस. ऐक."

मी म्हटलं, मला यातलं काय कळतं? ते म्हणाले, त्या दिवशी रडलीस ती कळल्याशिवाय का? मी बसले. त्यांनी पहिला तंबोरा छेडला. छान होता. दुसरा छेडला. तोही छान होता. मी 'पास' म्हणायला तोंड उघडलं आणि थांबले. दुसऱ्या तंबोऱ्याची शेवटची तार, खर्जाची, बाकीच्या तिघींच्या मानाने लवकर मिटत होती. मला खात्री नव्हती. मी पुन्हा वाजवायला सांगितलं. पुन्हा तेच. सत्तरी ओलांडलेल्या, गावातलं पहिलं बोट असलेल्या माणसाला नाही म्हणायचं, तेही पहिल्याच दिवशी, आणि इतके दिवस त्याला बहिरं ठरवून झाल्यावर. पण चाचांच्या चटईवर बसून खोटं बोलता येईना.

"खर्ज बंद वाटतो," मी म्हटलं. "नापास."

अब्बांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला चटईखाली जावंसं वाटलं. मग तार उतरवली, कानस घेतली आणि माझ्याकडे पाठ करून बसले. मी घरात गेले. थोड्या वेळाने अम्मी कारखान्यातून हसत आली. म्हणाली, जा बघ, तुझा बाप घोडी घासता घासता शीळ घालतोय.

साताऱ्याचं आधी सांगून टाकते. जोडी आम्ही रेल्वेने नेली, कापडी गवसण्या घालून, दोन सीटवर दोन तंबोरे टेकवून, आणि मी आणि अब्बा बराच वेळ उभे. स्टेशनहून रिक्षाने गावात. बाईंच्या माडीवर, किल्ल्याकडच्या खिडकीशी, जुनी जोडी लावून तयार होती. त्यांनी आपल्या त्या दोन मुलींना मधे बसवलं, चारी तंबोरे एका सुरात लावले आणि त्या दोघी, अब्बा आणि मी अशा चौघांनी मिळून छेडले. बाई डोळे मिटून बसल्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, यातले नवे कुठले ते मला आता गवसण्या बघून सांगावं लागेल. अब्बांनी नुसती मान तुकवली. जिना उतरताना मात्र त्यांनी मला कोपराने ढोसलं. तोऱ्याने चालायला साताऱ्याचा चढउतारही त्यांना कमी पडला त्या दिवशी.

पण मला जे सांगायचं आहे ते त्याच्या आधीचं, जोडी मिरजेतून निघाली त्या सकाळचं. खर्ज खुला झाला होता. मी दोनदा, तीनदा ऐकून पास म्हटलं होतं. मग अब्बा म्हणाले, बत्तिसावी करू. सीडी आता कोण करतं, म्हणून मी फोन काढला, त्याला बरासा माईक जोडला. फोन विचारू लागला, कुठल्या प्रकारात? अब्बा वाकून बघत होते. "सगळ्यात मोठी," ते म्हणाले. "आन् त्यातलं काय टाकायचं ते कुणी ठरवायचं न्हाई."

त्यांनी घसा साफ केला. "भोपळा मोठा. दांडी तुणाची. घोडी शिसवी. जवारी खुली. काढली मी."

आता माझी पाळी. चाचांनी शेकडो वेळा म्हटलेले तीन शब्द. मी म्हटले, पण मधल्या शब्दावर माझा आवाज फाटला. मग अब्बांनी जोडी छेडली, आधी एक, मग दुसरा, मग दोन्ही. संपल्यावर मी रेकॉर्डिंग थांबवायला फोनला बोट लावलं, ते नीट लागलं नाही. मला कळलं नाही. मी गवसण्या आणायला घरात गेले आणि फोन ऐकतच राहिला.

साताऱ्याहून घरी येऊन ती फाईल तपासताना मला पुढचं सापडलं. तंबोरा विरतो. भांड्याचा आवाज होतो, अम्मी चहा घेऊन दारात आली आहे. ती विचारते, जमलं का पोरीला? बशीत चहा ओतल्याचा आवाज येतो. मग अब्बा तिला सांगतात:

"मी म्हणत हुतो न्हवं, कान गेलं म्हणून? गेल्यात खरं. पोरीवर गेल्यात."

फाईल फार मोठी झाली आहे. मधला तो माझा फाटलेला आवाज आणि शेवटचं हे बोलणं कापलं तर ती बरीच आटोपशीर होईल. मी त्यातलं काहीही काढलेलं नाही.